जांभळा टोमॅटो : रंगाचा हिशेब आणि पोषणाचा हिशेब

इंग्लंडमधील नॉरिच येथे जॉन इन्स सेंटर ही वनस्पतिविज्ञानाची नामांकित संस्था आहे. तेथील कॅथी मार्टिन, युजेनिओ बुतेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध २००८ साली 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता आतून-बाहेरून गडद जांभळा असणारा टोमॅटो. या टोमॅटोत अँथोसायनिन हे रंगद्रव्य भरपूर होते आणि त्याची पूड खाणारे, कर्करोग होण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेले उंदीर अधिक काळ जगले होते. साहजिकच ही बातमी जगभर पसरली. पुढे २०२२ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने या वाणाच्या लागवडीतील अडसर दूर केला आणि २०२४ पासून तेथील परसबागांसाठी त्याचे बियाणे विकले जाऊ लागले.

आता हा विषय वर्गातही येतो. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द विद्यार्थ्यांनी जाहिरातींत ऐकलेला असतो आणि विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवरही तो दिसतो. ज्या फळात ही द्रव्ये जास्त, ते फळ अधिक पौष्टिक, असे समीकरण मनात पक्के झालेले असते. हे समीकरण आम्हांला मान्य नाही. नॉरिचचा प्रयोग वनस्पतिविज्ञान म्हणून अव्वल दर्जाचा आहे, परंतु पोषणविज्ञान म्हणून तो अर्ध्या वाटेवरच थांबलेला आहे, असे आमचे मत आहे. ते कशावरून, हे पुढे मांडतो.

प्रयोगातील चांगले काय?

प्रथम श्रेय द्यायला हवे. अँथोसायनिन बनवण्याची क्षमता टोमॅटोच्या झाडात मुळातच असते. थंडीने कुडकुडलेल्या रोपाची खोडे आणि पानांची मागची बाजू जांभळट होते, ती त्यामुळेच. फळात मात्र ही यंत्रणा बंद असते. ती सुरू करण्यासाठी संशोधकांनी स्नॅपड्रॅगन या बागेतल्या फुलझाडातील 'डेलिला' आणि 'रोझिया-१' ही दोन जनुके घेतली. ही जनुके स्वतः रंग तयार करीत नाहीत. रंग तयार करणाऱ्या अनेक जनुकांना कामाला लावणारी ती जणू बटणे आहेत. फळ पिकू लागले की मगच ती दाबली जावीत, अशी योजना केल्यामुळे बाकीच्या झाडाच्या वाढीला धक्का लागला नाही. एका ग्रॅम ताज्या फळात सुमारे २.८ मिलिग्रॅम अँथोसायनिन साठले. ब्लूबेरी किंवा ब्लॅकबेरी या फळांत असते तेवढेच हे प्रमाण आहे. फळाची पाण्यात विरघळणारी अँटिऑक्सिडंट क्षमता तिपटीने वाढली.

याआधीही जांभळे टोमॅटो होते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठाने २०१२ साली प्रसारित केलेला 'इंडिगो रोझ' हा वाण रानटी टोमॅटोंच्या संकरातून आलेला आहे. त्यासाठीचे काम कितीतरी वर्षे आधीपासून चालू होते. मात्र त्याचा जांभळा रंग सालीपुरता, तोही जेथे ऊन लागते तेथेच येतो. नॉरिचचा टोमॅटो गरापर्यंत जांभळा आहे. दोन बटणांनी संपूर्ण रासायनिक साखळी चालू करता येते, हे दाखवणे ही मोठीच गोष्ट होती.

आहाराच्या प्रयोगाची मांडणीही चांगली होती. उंदरांच्या एका गटाला नेहमीचे खाद्य दिले. दुसऱ्या गटाच्या खाद्यात वाळवलेल्या लाल टोमॅटोची पूड दहा टक्के मिसळली आणि तिसऱ्याच्या खाद्यात जांभळ्या टोमॅटोची पूड त्याच प्रमाणात मिसळली. दोन्ही टोमॅटोंत मुख्य फरक अँथोसायनिनचा. एरवी 'फळे खाणारी माणसे निरोगी असतात' असे आढळले तर त्यांचे उत्पन्न, व्यायाम, सिगारेट न ओढणे या सगळ्यांतून फळांचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. येथे तुलना नेमकी होती. नेहमीच्या खाद्यावरील उंदीर सरासरी १४२ दिवस जगले, जांभळी पूड खाणारे १८२ दिवस. लाल पुडीने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

उंदराच्या ताटातून माणसाच्या ताटात

आता हिशेब करू. उंदराच्या खाद्यात दहा टक्के वाळलेली पूड होती. एखादा प्रौढ माणूस दिवसाला सुमारे ५०० ग्रॅम कोरडे अन्न खातो असे धरले, तर त्याच प्रमाणात त्याला रोज ५० ग्रॅम टोमॅटो पूड खावी लागेल. टोमॅटोत पाणी जवळजवळ ९४ ते ९५ टक्के असते. म्हणजे ५० ग्रॅम पुडीसाठी सुमारे एक किलो टोमॅटो हवेत. रोज एक किलो, तेही आयुष्यभर! हा हिशेब ढोबळ आहे, कारण उंदराची आणि माणसाची चयापचयाची गती सारखी नसते. तरीही बातमी वाचताना मनात येणारी 'कोशिंबिरीतल्या दोन फोडी' ही मात्रा किती अपुरी आहे, हे त्यावरून कळते. नववीच्या विद्यार्थ्यांना हे गणित सहज करता येईल, आणि त्यांनी ते जरूर करावे.

दुसरा मुद्दा उंदरांचा. या उंदरांत 'पी-५३' नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती मुद्दाम निकामी केलेल्या होत्या. हे जनुक पेशीचा पहारेकरी आहे. डीएनएची नासधूस झालेल्या पेशीला ते थांबवते किंवा मरायला लावते. पहारेकरीच नसलेला उंदीर थोड्याच महिन्यांत कर्करोगाने मरतो. प्रयोग लवकर आटोपावा म्हणून असा उंदीर निवडणे योग्यच असते. पण मनुष्यप्राणी दोन्ही प्रती निकामी घेऊन जन्मत नाही, आणि त्याचे कर्करोग अनेक दशकांत, अनेक कारणांनी होतात. स्वतः संशोधकांनीही या भागाला प्राथमिक चाचणी म्हटले होते. हा टोमॅटो खाल्ल्याने माणसांतील कर्करोग कमी होतो, असे दाखवणारी चाचणी त्यानंतरही झालेली नाही. दोष संशोधकांच्या आकड्यांत नाही. प्राथमिक चाचणीला अंतिम निकाल समजणाऱ्या वाचनात तो आहे.

गुणधर्म नळीतला आणि शरीरातला

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून खोल आहे. 'अँटिऑक्सिडंट क्षमता' हा मुळात परीक्षानळीत मोजला जाणारा गुण आहे. नळीत मुक्त मूलके तयार करायची, त्यात फळाचा अर्क घालायचा आणि त्यातील किती मूलके निष्प्रभ झाली ते मोजायचे. आकडा चटकन मिळतो. वाणांची तुलना करायला तो सोयीचा आहे. पण फळ नळीत न जाता पोटात जाते. अँथोसायनिनचा फार थोडा भाग मूळ रूपात रक्तात पोहोचतो. बराचसा भाग आतड्यातच राहतो आणि तेथील जीवाणू त्याचे तुकडे करतात. त्या तुकड्यांचे गुण निराळे असतात. ते उपयोगी असतीलही, पण नळीतल्या आकड्यावरून ते सांगता येत नाही.

एक मार्मिक उदाहरण देतो. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते, असे आढळले होते. श्रेय अर्थातच सफरचंदातील फ्लॅव्होनॉइड द्रव्यांना दिले जाई. ओरेगॉन राज्य विद्यापीठातील लोतितो आणि फ्राय यांनी २००४ साली दाखवले, की ही वाढ फळातील फ्रुक्टोज या साखरेमुळे होते. फ्रुक्टोजच्या चयापचयात रक्तातील युरिक आम्ल वाढते, आणि युरिक आम्ल हे स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे! नुसत्या आकड्यावर विसंबले तर साखरही औषध ठरेल. अमेरिकेच्या कृषिखात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची एक मोठी सारणी प्रसिद्ध केली होती. उत्पादक जाहिरातींत तिचा गैरवापर करतात आणि त्या आकड्यांचा शरीरातील परिणामांशी संबंध सिद्ध झालेला नाही, म्हणून त्या खात्याने २०१२ साली ती मागे घेतली.

या क्षेत्रात अतिविश्वासाची किंमत माणसांनी मोजलेली आहे. बीटा कॅरोटीन भरपूर असलेला आहार घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, हे निरीक्षण जुने होते. म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी घेण्यात आली. त्यातील काही गटांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची गोळी दिली गेली. १९९४ साली निष्कर्ष जाहीर झाला, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर चाललेली तशीच चाचणी याच कारणाने १९९६ च्या जानेवारीत मुदतीपूर्वी बंद करावी लागली. गाजर किंवा टोमॅटो खाणे धोक्याचे, असा याचा अर्थ नव्हे. या चाचण्या मोठ्या मात्रेतील गोळ्यांच्या आणि मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांवरील होत्या. अर्थ एवढाच, की 'नळीत चांगले, निरीक्षणात चांगले, म्हणून जास्त दिले तर आणखी चांगले' ही तर्कसाखळी एका कसोटीपाशी तुटली. वाण पैदासकारांनी हे विसरून चालणार नाही.

एक वाढवले की दुसरे घटते

टोमॅटोच्या पैदाशीचा इतिहासच या बाबतीत बोलका आहे. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. फळातील एक विकर या लायकोपीनपासून बीटा कॅरोटीन बनवते. बीटा कॅरोटीनपासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. लायकोपीनपासून ते तयार होत नाही. १९५८ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातून 'कॅरो-रेड' हा वाण आला. एका रानटी जातीशी संकर करून त्यात बीटा कॅरोटीन साधारण दहापट करण्यात आले होते. फळ नारिंगी झाले आणि बाजारात काही रुजले नाही. याउलट 'क्रिम्झन' नावाचा गुण असलेली फळे गडद लाल दिसतात. त्यांत लायकोपीन जास्त, पण बीटा कॅरोटीन कमी असते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली दाखवले, की हे दोन्ही गुण एकाच जनुकाच्या दोन अवस्था आहेत. जनुक जोरात चालले तर फळ नारिंगी, बंद पडले तर गडद लाल.

म्हणजे अधिक लाल, 'अधिक अँटिऑक्सिडंट' टोमॅटो निवडताना आपण 'अ' जीवनसत्त्वाचा कच्चा माल कमी करीत असू शकतो. 'अ' जीवनसत्त्व न मिळाल्यास रातांधळेपणा येतो, 'क' न मिळाल्यास स्कर्व्ही होतो. लायकोपीन न मिळाल्याने होणारा रोग कोणालाही माहीत नाही. पोषक द्रव्य आणि उपयुक्त ठरू शकेल असे द्रव्य यांतील हा भेद पाठ्यपुस्तकात ठळक हवा. १९९५ साली अमेरिकेत सुमारे ४८,००० पुरुषांच्या पाहणीत टोमॅटोचे पदार्थ वारंवार खाणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग कमी आढळला आणि लायकोपीनला प्रतिष्ठा मिळाली. पण त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्व पुरावा तपासून २००७ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात लायकोपीनच्या बाजूने विश्वासार्ह पुरावा आढळला नाही. खुद्द टोमॅटोच्या बाजूने होता तोही अगदी तुटपुंजा.

दुसरे उदाहरण 'हाय पिगमेंट' म्हणजे अधिक रंगाच्या उत्परिवर्तनाचे. न्यू जर्सीत १९१७ साली आढळलेल्या या झाडाच्या फळात लायकोपीन, बीटा कॅरोटीन, 'क' जीवनसत्त्व असे सगळेच वाढते. मग गेल्या शंभर वर्षांत सारे टोमॅटो असेच का झाले नाहीत? कारण हे झाड प्रकाशाला प्रमाणाबाहेर प्रतिसाद देते. त्याचे बी हळू उगवते, रोपे मरतात, खोड ठिसूळ होते, उत्पादन घटते. झाडाला कार्बन मर्यादितच मिळतो, तो एकीकडे अधिक खर्च केला की दुसरीकडे ओढाताण होणारच. २००५ साली हाच बदल केवळ फळापुरता घडवून ही अडचण टाळता येते असे दाखवले गेले, ही आशादायक गोष्ट आहे.

तिसरे उदाहरण तर पैदासकारांच्या नकळत घडले. कच्च्या टोमॅटोच्या देठाजवळचा भाग गडद हिरवा असतो. फळ सर्व बाजूंनी सारखे पिकलेले दिसावे म्हणून गेल्या शतकात हा हिरवा खांदा नसलेली झाडे निवडली गेली. २०१२ साली 'सायन्स' नियतकालिकात या निवडीचे रहस्य उलगडले. निकामी झालेले ते जनुक कच्च्या फळात हरितलवके वाढवणारे होते. ते गेल्याने फळातील साखर आणि कॅरोटिनॉइड द्रव्ये दोन्ही कमी झाली. डोळ्यांना सुंदर दिसणाऱ्या फळासाठी आपण चव आणि पोषण दोन्हींतला थोडा वाटा गमावला. तेव्हा रंग एकसारखा हवा होता, आज रंग गडद हवा आहे. निवडीचा निकष मात्र तेव्हाही डोळ्यांचाच होता आणि आजही तोच आहे.

ज्याची जाहिरात झाली नाही तो गुण

नॉरिचच्या टोमॅटोचा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण कर्करोगाच्या बातमीत कधी झळकला नाही. त्याच संशोधकांनी २०१३ साली दाखवले, की जांभळे टोमॅटो लाल टोमॅटोंच्या जवळजवळ दुप्पट काळ टिकतात आणि करड्या बुरशीला कमी बळी पडतात. फळ अतिपक्व होताना आणि बुरशी शिरकाव करताना त्याच्या पेशींत क्रियाशील ऑक्सिजनयुक्त रेणूंचा भडका उडतो. अँथोसायनिन तो आवरते. येथे 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द अक्षरशः खरा आहे. हे द्रव्य टोमॅटोच्या पेशींत टोमॅटोसाठी काम करते, याचा पुरावा चांगला आहे. आपल्या पेशींत आपल्यासाठी करते, याचा तेवढा नाही.

टिकाऊपणा ही पोषणाचीच बाब आहे. २०२३ च्या जुलैत आपल्याकडे अनेक शहरांत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा कितीतरी घरांच्या आमटी-भाजीतून तो नाहीसाच झाला. जे फळ ताटात येत नाही, त्यातील अँटिऑक्सिडंटची टक्केवारी कितीही असो, तिचा उपयोग शून्य. वाणाचे मूल्यमापन करताना फळातील द्रव्य, फळाची खाण्यात येणारी मात्रा आणि त्यातून शरीरात शोषला जाणारा भाग या तिन्हींचा गुणाकार करावा लागतो. त्यातील एकच संख्या मोठी करून गुणाकार मोठा झाल्याचे जाहीर करणे हे गणितात चालत नाही, विज्ञानातही चालू नये.

शिवाय तुलना कशाशी, हाही प्रश्न आहे. १०० ग्रॅम टोमॅटोत सुमारे १४ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. पैदाशीने ते दुप्पट केले तर २८ होईल. तेवढ्याच वजनाच्या पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असते. अँथोसायनिन हवे असेल तर जांभूळ, कोकम आणि वांग्याची साल यांत ते आहेच. एकाच फळात सगळे कोंबण्याऐवजी ताटातील विविधता वाढवणे हा जुना उपाय अजूनही स्वस्त आणि खात्रीचा आहे.

वर्गात काय करता येईल?

लायकोपीन तेलात विरघळते, अँथोसायनिन पाण्यात. एका वाटीत टोमॅटोचा गर थोड्या पाण्यात कालवून गाळावा, दुसऱ्या वाटीत तो गोडेतेलात मिसळून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावा. गाळलेले पाणी फिके राहील, तेल नारिंगी होईल. हाच प्रयोग कोकमाच्या सालीवर केला तर पाणी लाल होईल, तेल मात्र तसेच राहील. शिजवलेल्या आणि तेलाची फोडणी दिलेल्या टोमॅटोतून लायकोपीन कच्च्या फोडींपेक्षा अधिक का शोषले जाते, ते यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. शोषण वाढवणारा हा बदल कोणत्याही जनुकाविना, आपल्या कढईत घडतो.

त्यानंतर अशा बातम्यांना विचारायचे चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. मोजले ते नळीत, प्राण्यात की माणसात? मात्रा किती होती आणि आपल्या ताटात ती किती बसते? जे वाढले ते पोषक द्रव्य आहे का, म्हणजे ते न मिळाल्याने कोणता रोग होतो का? आणि ते वाढवताना दुसरे काय घटले? शेवटचा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाहीत, कारण बातमीत तो कधी नसतो. टोमॅटोच्या बाबतीत त्याचे उत्तर एकदा साखर होते, एकदा उत्पादन, आणि एकदा तर 'अ' जीवनसत्त्वाचा कच्चा मालच.